तापलं की आवरतं घेणारं प्लास्टिक

बॅटरीने पेट घेतल्याची बातमी आली की पाठोपाठ एक प्रश्न येतोच: "आत साधा फ्यूज नव्हता का?" प्रश्न रास्त आहे, पण "नव्हता" एवढं म्हणून सुटका होत नाही. अनेक गोल लिथियम सेलमध्ये वरच्या टोपीखाली एक पातळ कडी बसवलेली असते. धातूच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये काळं प्लास्टिक दाबून ती केलेली असते आणि ती फ्यूजचंच काम करते. बाहेरून शॉर्ट झाला तर ती वेळेवर वीज अडवते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. काही वेळा मात्र ती कडी शाबूत असूनही सेल पेटतो.

असं का होतं, ते समजायचं तर आधी ते काळं प्लास्टिक समजून घ्यावं लागेल. कडाक्याच्या थंडीत पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून पाइपाला जी हीटिंग केबल लावतात, तिचा गाभा याच जातीच्या प्लास्टिकचा असतो. संगणकाच्या यूएसबी पोर्टामागे ते असतं, गाडीच्या आरशावरचं दव घालवणाऱ्या पातळ हीटरमध्ये त्याची शाई करून छापलेली असते. कुठे ऊब देणं हे त्याचं काम, तर कुठे वीज रोखणं. दोन्हीकडे युक्ती एकच आहे आणि ती मला फार सुंदर वाटते. एरवी तापमान ओळखायला एक भाग लागतो, निर्णय घ्यायला दुसरा आणि वीज तोडायला तिसरा. इथे ही तिन्ही कामं पदार्थ स्वतःच करतो.

## प्लास्टिकमधून वीज जाते कशी?

तारेवर आपण प्लास्टिक चढवतो ते वीज बाहेर येऊ नये म्हणूनच. डबे, पाइप, पिशव्या ज्याच्या बनतात ते पॉलिथिलीन तर या बाबतीत पक्कं. वीज त्यातून जवळजवळ जातच नाही. मग त्यात कार्बन ब्लॅक मिसळतात. कार्बन ब्लॅक म्हणजे कारखान्यात मुद्दाम तयार केलेली, अतिशय बारीक काजळी. टायर काळे असतात ते तिच्यामुळे. तिचे कण एकाशेजारी एक मांडले तर मिलिमीटरभर जागेत हजारो मावतील. कार्बनमधून वीज जाते, तेव्हा कार्बन मिसळल्यावर प्लास्टिकमधूनही जाऊ लागणार, असं आपण सहज धरून चालतो.

पण थोडी पूड मिसळली तर काहीच होत नाही. अजून थोडी मिसळली तरीही नाही. मग एका ठरावीक प्रमाणाच्या आसपास अगदी जराशी भर पडते आणि विजेला होणारा विरोध, म्हणजे रोध, अब्जावधी पटींनी खाली येतो.

ओढा ओलांडायचा आहे आणि तुम्ही पाण्यात डोळे मिटून दगड फेकताय असं समजा. दहा दगड पडले, पलीकडे जाता येत नाही. पन्नास पडले, तरी कुठेतरी एक मोठी फट राहतेच. मग एक दगड नेमका त्या फटीत पडतो आणि या काठापासून त्या काठापर्यंत वाट जुळते. त्या दगडात विशेष काही नव्हतं. आधीच्या पन्नास दगडांनी तयारी करून ठेवली होती, एक्कावन्नाव्याने फक्त सांधा जोडला. कार्बनच्या कणांचं हेच होतं. अशा झिरपण्याचं गणित सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमर्सली यांनी 1957 साली मांडलं. वाट जुळण्याच्या त्या प्रमाणाला आपण इथे 'उंबरठा' म्हणू.

सगळी गंमत इथेच आहे. हे प्लास्टिक बनवणारे कार्बन मनसोक्त ओतत नाहीत. ते त्याला उंबरठ्याच्या थोडंसंच आत ठेवतात. साखळ्या जुळलेल्या असतात, पण सैलच. सैल साखळी तोडायला फार जोर लागत नाही, आणि तीच तर हवी असते.

जाता जाता एक घोटाळा दूर करून ठेवतो. 'वीज वाहणारं प्लास्टिक' म्हटलं की काहींना 2000 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल आठवतं. अॅलन हीगर, अॅलन मॅकडर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांना ते मिळालं. पण त्यांच्या पॉलिमरमध्ये रेणूच वीज वाहतो. आपल्या काळ्या प्लास्टिकमध्ये वीज वाहतो तो कार्बन. प्लास्टिक फक्त त्याला धरून ठेवतं आणि वेळ आली की सोडून देतं.

## तापल्यावर आत काय घडतं?

पॉलिथिलीनचे रेणू लांबलचक दोऱ्यांसारखे असतात. त्यांचा बराच भाग घडी घातलेल्या कपड्यांसारखा नीट रचलेला असतो, उरलेला गुंतवळासारखा पडलेला असतो. घड्यांमध्ये परक्याला जागा नसते. म्हणून प्लास्टिक थंड होत असताना कार्बनचे कण ढकलले जातात ते गुंतवळात, आणि तिथे दाटीवाटीने बसून साखळ्या धरतात.

आता हा पदार्थ तापवू. दाट जातीच्या पॉलिथिलीनच्या घड्या 130 अंश सेल्सिअसच्या आसपास उलगडतात, म्हणजे प्लास्टिक आतून वितळतं. उलगडलेल्या दोऱ्यांना जास्त जागा लागते, त्यामुळे आकारमान झपाट्याने वाढतं. शिवाय घड्या मोडल्याने गुंतवळाचाच पसारा वाढतो आणि त्यातले कण विरळ होतात. ओढ्यातले दगड एकमेकांपासून सरकू लागतात.

दहा टक्क्यांच्या घरातल्या फुगण्याने एवढं काय बिघडणार, अशी शंका मला सुरुवातीला होती. उत्तर कणांमधल्या फटीत आहे. शेजारच्या दोन कणांमध्ये बऱ्याचदा काही नॅनोमीटरची फट असतेच आणि इलेक्ट्रॉन ती उडी मारून पार करतो. ही उडी अंतराच्या बाबतीत फार नाजूक असते. फट दुप्पट झाली म्हणून अडचण दुप्पट होत नाही, ती कैक पटींनी वाढते. अशा हजारो फटी एकदम रुंदावल्या की वाट बंदच पडते.

हे मी टेबलावर करून पाहिलं. याच प्लास्टिकचा फ्यूज म्हणून मिळणारी, अर्धा अँपिअर सहज वाहून नेणारी, दोन पायांची एक पिवळी चकती घेतली आणि पायांना मल्टिमीटर लावला. आकडा एका ओहमच्या आत. बोटांत घट्ट धरली, आकडा जेमतेम हलला. मग सोल्डरिंग आयर्नचं टोक तिच्या अंगाला टेकवलं. काही सेकंद आकडा रेंगाळत वर चढत राहिला, दीड, दोन, तीन. आणि एकाएकी मीटरने रेंज बदलली, लगेच पुन्हा बदलली, आणि आकडा किलोओहममध्ये जाऊन बसला. आयर्न बाजूला घेतलं तसा तो उतरू लागला. गार झाल्यावर पुन्हा एका ओहमजवळ आला, पण पहिल्या जागेपेक्षा किंचित वर थांबला. हे 'किंचित वर' लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तापमान वाढलं की रोध वाढण्याच्या या गुणाला 'पीटीसी' म्हणतात. तसा तो तांब्यातही असतो, पण तिथे एका अंशामागे साधारण 0.4 टक्के वाढ होते. इथे थोड्याशा अंशांच्या पट्ट्यात रोध हजारो पटींनी आणि काही मिश्रणांत लाखो पटींनी चढतो.

## वितळतं, तर मग ओघळत का नाही?

हा प्रश्न ज्याला पडला त्याने दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. साधं पॉलिथिलीन वितळलं की नुसतं ओघळतच नाही, त्याहून वाईट म्हणजे मोकळे झालेले कार्बनचे कण पुन्हा एकमेकांकडे सरकून नव्या साखळ्या धरतात. मग तापमान वाढत असताना रोध उलटा घसरू लागतो. ज्या क्षणी सर्वांत जास्त गरज, नेमकं त्याच क्षणी रक्षकाने दार उघडून द्यावं, असा तो प्रकार.

यावरचा उपाय म्हणजे रेणूंच्या दोऱ्यांना अधूनमधून गाठी मारणं. याला क्रॉसलिंकिंग म्हणतात. वेगवान इलेक्ट्रॉनांचा झोत प्लास्टिकवर सोडला की शेजारचे दोरे जागोजागी एकमेकांना कायमचे जोडले जातात. मासेमारीचं जाळं कितीही ताणलं तरी त्याच्या गाठी सुटत नाहीत, तसंच इथे. घड्या वितळतात, जाळं फुगतं, पण वाहून जात नाही. कणांनाही हवं तिकडे भटकता येत नाही, आणि गार झाल्यावर सगळं बरंचसं पूर्वीच्या जागी परततं.

ही किरणांची विद्या औद्योगिक पातळीवर नेण्यात पॉल कुक यांनी 1957 साली कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या रेकेम या कंपनीचा मोठा वाटा आहे. गरम हवा दिली की तारेवर घट्ट आवळून बसणारी नळी तिथे याच विद्येतून आली. पुढे स्वतःला आवरणारी हीटिंग केबल आणि पुन्हा जागेवर येणारा फ्यूज ही दोन्ही उत्पादनंही याच कंपनीने बाजारात रुजवली.

## हीटर स्वतःला आवरतो तो कसा?

हीटिंग केबल आडवी कापून पाहिली की तिचं सगळं गुपित उघडं पडतं. बोटभर रुंदीची चपटी पट्टी. दोन कडांना तांब्याची एकेक जाड तार आणि मधली सगळी जागा काळ्या प्लास्टिकने भरलेली. त्यावर रोधक आवरण, मग तारांची जाळी, सर्वांत वर जाड कवच. वीज दोन तारांतून लांबवर धावते आणि वाटेत प्रत्येक ठिकाणी काळ्या गाभ्यातून आडवी जाते. ती आडवी जाताना जी उष्णता होते तीच आपली ऊब.

पुरवठ्याचा व्होल्टेज ठरलेला असेल तर रोध जितका जास्त तितकी उष्णता कमी. 230 व्होल्टवर मीटरमागे 20 वॉट उष्णता देणाऱ्या केबलचा एका मीटरचा रोध साधारण 2,645 ओहम येतो. पाइप तापला, गाभा फुगला आणि रोध चौपट झाला, तर तोच मीटर फक्त 5 वॉट देतो. पाइप पुन्हा गार झाला की साखळ्या जुळतात आणि उष्णता वाढते. इथे गाभा वितळण्यापर्यंत जाण्याची गरज नसते. तो चढणीच्या पायथ्याशीच वर-खाली करत राहतो.

यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी की हा निर्णय केबलचा प्रत्येक सेंटिमीटर आपापला घेतो. एकाच पाइपाचा एक भाग बाहेरच्या वाऱ्यात आणि दुसरा घराच्या उबेत असेल, तर बाहेरचा भाग जोरात तापतो आणि आतला आवरतं घेतो. एका जागी बसवलेला थर्मोस्टॅट फक्त त्याच जागेचं तापमान सांगू शकतो.

साध्या हीटिंग तारेशी तुलना केली की फरक नीट कळतो. तिच्यात वीज या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच वाटेने जाते. ती तार अर्धी कापून त्याच व्होल्टेजला जोडली तर रोध अर्धा होतो, एकूण उष्णता दुप्पट होते, आणि तीही अर्ध्याच लांबीत. म्हणजे दर मीटरला चौपट. तार जळणार. काळ्या गाभ्याची केबल मात्र हवी तिथे कापता येते, कारण प्रत्येक तुकडा स्वतंत्रच काम करत असतो. एकावर एक आली तरी ती स्वतःला जाळत नाही. वळसा पडलेल्या जागी गाभा तापतो आणि तिथली उष्णता आपोआप उतरते.

एक चूक मात्र कधीही करू नका. कापलेल्या टोकाला दोन तांब्याच्या तारा दिसतात आणि त्या एकमेकींना पिळून सर्किट पुरं करायचा मोह होतो. सर्किट काळ्या गाभ्यातून आधीच पुरं झालेलं असतं. त्या तारा जोडल्या की सरळ शॉर्ट. टोकाशी त्या वेगळ्या ठेवून, पाणी शिरणार नाही अशी टोपी चढवायची.

## "मग थर्मोस्टॅट नकोच ना?"

पाहिजे. स्वतःला आवरणं आणि बंद होणं यांत फरक आहे. भर उन्हाळ्यातही ही केबल थोडी वीज खातच राहते. गोठण्याचा धोका नाही तेव्हा ती तोडायला थर्मोस्टॅट किंवा साधं बटण लागतंच. केबल जळू नये ही जबाबदारी गाभ्याची, वीज वाया जाऊ नये ही आपली.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या झटक्याची. गारठलेल्या केबलचा रोध सर्वांत कमी असतो, म्हणून चालू करताच ती नेहमीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते आणि मग काही मिनिटांत शांत होते. एमसीबी निवडताना आणि केबलची लांबी ठरवताना हाच आकडा धरायचा असतो. आवरण फाटून आत पाणी गेलं तर काळा गाभा ते ओळखू शकत नाही, म्हणून बाहेरच्या जाळीचं अर्थिंग आणि गळती ओळखणारा ब्रेकर हे दोन्ही हवेतच.

## फ्यूज होऊन बसतो तेव्हा

फ्यूजच्या कामात हीच युक्ती उलट्या हेतूने वापरतात. कार्बन जास्त घालतात, म्हणजे एरवी रोध नगण्य राहतो. चकती मुख्य वाटेवर बसते आणि उपकरणाची सगळी वीज तिच्यातून जाते.

माझ्या त्या पिवळ्या चकतीचा हिशेब करू. रोध 0.6 ओहम धरला आणि अर्धा अँपिअर वाहत असला, तर तिच्यात 0.15 वॉट उष्णता होते. एवढी ती हवेत सहज टाकून देते. आता पुढे शॉर्ट झाला आणि करंट कितीतरी पटींनी वाढला. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. टाकायला जमेना, म्हणून चकती तापते, घड्या उलगडतात, रोध उसळतो आणि करंट कोसळतो.

पण तो शून्य होत नाही. चकती गरम राहिली नाही तर ती पुन्हा वीज सोडू लागेल. म्हणून ती स्वतःला गरम ठेवण्यापुरती वीज पीत राहते. समजा त्यासाठी 0.8 वॉट लागतात आणि पुरवठा 12 व्होल्टचा आहे. मग ती आपला रोध 180 ओहमच्या आसपास नेऊन ठेवते आणि करंट 0.07 अँपिअरपेक्षाही कमी राहतो. ते 180 कुणी ठरवून दिलेले नसतात. येणारी आणि जाणारी उष्णता जिथे जुळते तिथे चकती स्वतः जाऊन थांबते. दोष दूर करून पुरवठा बंद केला की ती गार होते आणि पुन्हा कामाला लागते. बदलायची गरज नाही. पेचकस घेऊन कुणी सहज पोहोचणार नाही अशा जागी हे फार मोलाचं आहे.

## "इतकं चांगलं आहे, तर साधा फ्यूज कशाला?"

कारण साधा फ्यूज वीज खरोखर तोडतो. ही चकती फक्त गळा आवळते. ट्रिप झालेल्या, म्हणजे तापून वीज अडवून बसलेल्या, चकतीच्या पुढच्या तारेला "आता वीज नाही" म्हणून हात लावणं चुकीचं आहे. माणसाला विजेचा धक्का लागू नये, हे काम तिचं नाहीच.

ती गोंधळतेही, कारण तिला करंट कळत नाही, फक्त उष्णता कळते. खोक्याच्या आत 60 अंश तापमान असेल तर ती लवकर ट्रिप होते. म्हणून तिच्या माहितीपत्रकात दोन आकडे असतात: ज्यावर ती निश्चित टिकते तो होल्ड करंट आणि ज्यावर निश्चित ट्रिप होते तो ट्रिप करंट, सहसा पहिल्याच्या दुपटीच्या जवळ. हे दोन्ही आकडे खोलीच्या तापमानाचे असतात. गरम जागेत होल्ड करंट बराच कमी धरावा लागतो.

आणि आठवा ते 'किंचित वर'. ट्रिप होऊन परतलेल्या चकतीचा रोध पहिल्यापेक्षा वाढलेला असतो. उत्पादक हा आकडा वेगळा छापतात आणि हिशेब त्यावरच करायचा असतो. 3 व्होल्टवर चालणाऱ्या सर्किटमध्ये तेवढ्यानेही फरक पडतो. शेवटचं म्हणजे कमाल व्होल्टेज. तो ओलांडला तर आतून ठिणगी पडून चकतीच जळू शकते.

बेरियम टायटॅनेटच्या सिरॅमिकमध्येही हा पीटीसी गुण असतो. ते जास्त तापमान सोसतं, म्हणून खोलीतल्या किंवा गाडीतल्या गरम हवेच्या हीटरमध्ये बहुतेक वेळा तेच असतं. प्लास्टिकचा जोर आहे तो कमी मूळ रोध, लवचिकपणा आणि किलोमीटरभर लांब ओढता येणं यांवर.

## मग बॅटरी का पेटते?

आता टोपीखालच्या त्या कडीकडे परत येऊ. ती सेलमधून बाहेर जाणाऱ्या विजेच्या वाटेवर बसलेली असते. बाहेर शॉर्ट झाला तर सगळी वीज तिच्यातूनच जाणार, म्हणून ती अडवू शकते. पण सेल आपटला, चेपला किंवा आत धातूचा एखादा कण राहून गेला, तर शॉर्ट सेलच्या पोटातच होतो. दोन इलेक्ट्रोडमधला पातळ पडदा फाटतो आणि वीज तिथल्या तिथे फिरते. टोपीपर्यंत येतच नाही. दाराशी पहारेकरी जागा आहे आणि चोरी आतल्या आत चालली आहे.

त्यात दोन अडचणींची भर पडते. खूप जोराने वीज द्यायच्या सेलमध्ये ही कडी पुष्कळदा ठेवतच नाहीत, कारण तिचा रोध आड येतो. आणि अनेक सेल एकापुढे एक जोडले की जी कडी पहिल्यांदा ट्रिप होते तिच्यावर सगळ्या साखळीचा व्होल्टेज येऊन पडतो, जो सोसायला ती बनवलेलीच नसते. म्हणूनच मोठ्या पॅकमध्ये वेगळे फ्यूज आणि इलेक्ट्रॉनिक देखरेख लागते.

पहारेकरी दारातून उचलून थेट इलेक्ट्रोडच्या आत बसवण्याचा प्रयत्न संशोधक करत आहेत. 2016 साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने पॉलिथिलीनमध्ये काजळीऐवजी निकेलचे काटेरी सूक्ष्म कण घातले. त्यांच्यावर ग्राफीनचा, म्हणजे कार्बनच्या अतिशय पातळ पत्र्याचा, थर होता. काट्याला काटा टेकून साखळी होते, आणि प्लास्टिक फुगलं की काटे सुटतात. एका सेकंदाच्या आत वाहकता कोट्यवधी पटींनी पडली आणि गार झाल्यावर परत आली.

असा थर इलेक्ट्रोडवर असेल तर पोटातल्या शॉर्टची वीजही त्यातून गेल्याशिवाय राहणार नाही. अडचण मापाची आहे. थर जाड केला तर सेल जड होतो आणि रोजची वीज त्यात अडखळते. पातळ केला तर तोडायच्या वेळी कुठेतरी एखादी साखळी जुळलेलीच राहण्याचा धोका. शिवाय त्याने आतला पडदा आकसण्याच्या आधीच जागं व्हायला हवं, म्हणजे 130 अंशांच्या बऱ्याच खाली, आणि कडक उन्हात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीत मात्र अजिबात नाही.